अमिनो टॉनिक: काळोखी कशाने, पैसे कशाचे

मार्केट यार्डाजवळच्या, नारायणगावच्या किंवा इंदापूरच्या कोणत्याही कृषी सेवा केंद्रात जाऊन नुसतं ‘अमिनो द्या’ म्हणा. काउंटरवर अमिनो आम्लांच्या, म्हणजे प्रथिनांच्या सुट्या घटकांच्या, फवारणीच्या टॉनिकांचा तीन तऱ्हेचा माल येतो. एक तपकिरी पातळ द्रव, ज्यावर ‘अमिनो आम्ल २० टक्के’ किंवा तत्सम आकडा असतो. दुसरी पिवळसर पूड, जिच्यावर ‘८० टक्के’ ठळक छापलेलं असतं. तिसरा जरा दाट आणि बराच महाग द्रव, ज्याच्या लेबलवर ‘एन्झाइम’, ‘पेप्टाइड’ असे शब्द सापडतात. तिघांबद्दल दुकानदाराचं वाक्य मात्र एकच असतं: ‘मारा बिनधास्त, तिसऱ्या दिवशी काळोखी येते.’

काळोखी, म्हणजे पानांचा गडद हिरवेपणा, येते, हे बऱ्याचदा खरंही असतं. ती कशाने येते, हे मात्र कुणी विचारत नाही. हे परीक्षण एका ब्रँडचं नसून या तीन प्रकारांचं आहे. ब्रँडची नावं हंगामागणिक बदलतात, आतला माल फारसा बदलत नाही.

आधी नत्राचा हिशेब करू. २० टक्क्यांच्या एक लिटर बाटलीत साधारण २०० ग्रॅम अमिनो आम्लं. त्यात सरासरी १६ टक्के नत्र धरलं तर ३२ ग्रॅम नत्र झालं. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे तेवढं नत्र ७० ग्रॅम युरियात मिळतं. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, म्हणजे या ७० ग्रॅमची किंमत सुमारे ४१ पैसे. आता एकरी डोस पाहा: लिटरला २ मिली, २०० लिटरची टाकी, म्हणून ४०० मिली. त्यातून एकरभर द्राक्षवेलींना मिळतं जेमतेम १३ ग्रॅम नत्र, म्हणजे २८ ग्रॅम युरिया. बागेची गरज किलोत मोजायची असते. तेव्हा नत्राचं खत म्हणून तिन्ही बाटल्या पहिल्याच फेरीत बाद. लेबलवर ‘नत्राची कमतरता भरून काढते’ असं लिहिलेलं असेल तर ती बाटली तिथेच ठेवा.

मग उरतं काय? दोन गोष्टी. थंडी, पाण्याचा ताण, औषधाचा झटका किंवा पुनर्लागणीनंतर झाडाची स्वतःची यंत्रणा मंदावलेली असते, तेव्हा नायट्रेटपासून अमिनो आम्ल बनवण्याचा खर्च थोडा वाचतो. आणि काही अमिनो आम्लं झाडाच्या संकेतयंत्रणेत भाग घेतात. दुसऱ्या मुद्द्याचं विज्ञान पक्कं आहे. पण विक्रेते त्याच्यावर जेवढं रचतात, तेवढं ते पेलत नाही.

पान अमिनो आम्ल घेतं का? घेतं. पेशीच्या पडद्यातून ते आपोआप झिरपत नाही, त्याला वाहक प्रथिनं लागतात. असं पहिलं वनस्पती-वाहक, एएपी१, १९९३ मध्ये हाती लागलं. त्यासाठी अमिनो आम्ल आत घेण्याची क्षमता गमावलेल्या यीस्टमध्ये अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या रोपाची जनुकं घालून, कुठलं यीस्ट पुन्हा वाढतं ते शोधलं होतं. पुढे २००६ मध्ये एलएचटी१ हे वाहक मुळांच्या पृष्ठभागावर आणि पानाच्या मधल्या पेशींत अमिनो आम्ल ओढून घेतं, हे दिसलं. ही वाहकं प्रोटॉनवर चालतात. पेशीतला पंप हायड्रोजन आयन बाहेर फेकतो, बाहेरची बाजू आम्लधर्मी राहते, आणि तो आयन परत आत येताना अमिनो आम्लाला सोबत घेऊन येतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा की फवारणीच्या पाण्याचा सामू (पीएच) ६ ते ६.५ ठेवायला हवा. पुणे शहरात धरणाचं नळाचं पाणी मऊ असतं, तिथे फार खटपट नाही. पण इंदापूर, बारामती, दौंड पट्ट्यातल्या विहिरी-बोअरचा सामू ८ च्या वर असणं नेहमीचं आहे, आणि त्यात बायकार्बोनेट भरलेलं असतं. २०० लिटरला सायट्रिक आम्ल १०-१० ग्रॅमच्या टप्प्यांनी घाला, ढवळा, पट्टीने तपासा. ठरावीक ग्रॅम सांगता येत नाहीत, कारण ते पाण्यातल्या बायकार्बोनेटवर ठरतं, सामूच्या आकड्यावर नाही. दोन विहिरींचा सामू सारखा असूनही एकीला दुप्पट आम्ल लागू शकतं. आम्ल आधी, टॉनिक नंतर.

आणखी एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. पानाच्या आत गेलेलं अमिनो आम्ल पुढे फळात किंवा दाण्यात जाणं ही वेगळी पायरी आहे, तिला वेगळी वाहकं लागतात, आणि बहुधा अडतं तिथेच. वाटाण्यात एएपी१ हे वाहक अन्नवाहिनीत आणि भ्रूणात जास्त बनेल अशी रचना केल्यावर दाण्याचं उत्पादन वाढल्याचं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे बाहेरून काही शिंपडलं नव्हतं, आतली वाहतूक सुधारली होती. बाटली ते काम करत नाही.

आता संजीवकांकडे, म्हणजे झाडाच्या वाढीच्या हार्मोन्सकडे. मुळाच्या पेशीत ऑक्झिन हे संजीवक आत नेणाऱ्या एयूएक्स१ या प्रथिनाचं जनुक १९९६ मध्ये सापडलं, तेव्हा त्याचं जवळचं साम्य निघालं ते अमिनो आम्लांच्या वाहकांशी. यात नवल नाही, कारण झाडातलं मुख्य ऑक्झिन, आयएए, ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासूनच दोन पायऱ्यांत बनतं आणि दिसायलाही त्याच्यासारखंच आहे. इथिलिन या संजीवकाचं पूर्वरूप असलेलं एसीसी तर स्वतःच अमिनो आम्ल आहे, आणि तेही एलएचटी१ मधून आत जातं. जास्मोनिक आम्ल या आणखी एका संजीवकाला आयसोल्युसिन जोडल्यावरच त्याचा संकेत पेशीतल्या ग्राही प्रथिनापर्यंत पोचतो. म्हणजे अमिनो आम्लं आणि संजीवकं ही खरोखर एकाच घरातली मंडळी आहेत.

इथूनच लेबलवरचं लाडकं वाक्य येतं: ‘ट्रिप्टोफॅनयुक्त, त्यामुळे ऑक्झिन वाढून पांढरी मुळी फुटते.’ ट्रिप्टोफॅन दिलं म्हणून झाड त्या प्रमाणात ऑक्झिन बनवत नाही. ट्रिप्टोफॅन साठलं की त्याच्या निर्मितीची पहिली पायरी मंदावते, आणि ऑक्झिन जास्त झालंच तर जीएच३ गटातली एन्झाइमं त्याला अ‍ॅस्पार्टिक किंवा ग्लुटामिक आम्ल जोडून बाजूला टाकतात. मातीत मात्र अझोस्पिरिलमसारखे जिवाणू ट्रिप्टोफॅनपासून ऑक्झिन बनवतात, त्यामुळे ड्रेंचिंगमधून (मुळाशी द्रावण ओतण्यातून) मुळीवर परिणाम दिसणं शक्य आहे. पण त्याचं श्रेय जिवाणूंचं. मातीतलं मुक्त अमिनो आम्ल काही तासांतच निम्मं होतं, ते आधी सूक्ष्मजीव खातात. ठिबकमधून एकरी लिटर-दोन लिटर सोडताना आपण मुख्यतः त्यांनाच जेवू घालतोय, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

तीन प्रकारांपैकी पहिला, २० टक्क्यांचा स्वस्त द्रव, बहुधा आम्लाने उकळून बनवलेला असतो. प्रथिनं तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात तापवली की तुटतात, पण त्यात ट्रिप्टोफॅन नष्ट होतं. अ‍ॅस्परजिन आणि ग्लुटामिन यांचंही अनुक्रमे अ‍ॅस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्ल होऊन जातं. मग आम्ल मारण्यासाठी कॉस्टिक सोडा घातला की तयार होतं साधं मीठ, आणि ते बाटलीतच राहतं. द्राक्षाला क्लोराइड सोसत नाही. उन्हात पानांच्या कडा करपल्या की दोष ‘डोस जास्त झाला’ यावर जातो. अशा बाटलीवर ट्रिप्टोफॅनचा दावा असेल तर ते वरून घातलेलं आहे, नाहीतर नाहीच. कच्चा माल कोलॅजेन, म्हणजे कातडी-हाडांतलं प्रथिन, असेल, तर त्यात एक-तृतीयांशाच्या आसपास ग्लायसिन, शिवाय भरपूर प्रोलिन-हायड्रॉक्सिप्रोलिन असतं आणि ट्रिप्टोफॅन मुळातच नसतं. कच्च्या मालाचा स्रोत लेबलवर नसेल तर विचारा. दुकानदाराला माहीत नसेल तर बाटली परत द्या.

दुसरा प्रकार, ८० टक्क्यांची पूड. पाण्यात चटकन विरघळते, ठेवायला सोपी, आणि सोयाबीनपासून सरळ बनवलेली असेल तर पैशाला पैसा देणारी. गडबड होते ती टक्क्यांत. अमिनो आम्लाच्या टक्क्यांना ०.१६ ने गुणा आणि लेबलवरच्या एकूण नत्राशी ताडून पाहा. ८० टक्के अमिनोला सुमारे १३ टक्के नत्र, हे जुळतं. पण ‘अमिनो ४० टक्के, नत्र १५ टक्के’ असं असेल तर अमिनोतून फक्त ६.४ टक्के येतंय आणि उरलेलं नत्र अमोनियम क्षाराचं किंवा युरियाचं आहे. तिसऱ्या दिवसाच्या काळोखीचं रहस्य बऱ्याचदा इथेच उलगडतं. (हिशेब ढोबळ आहे: ग्लायसिनमध्ये १८.७ टक्के नत्र, ग्लुटामिक आम्लात ९.५, आर्जिनिनमध्ये ३२. पण दुपटीहून मोठा फरक यातल्या कशानेच भरून निघत नाही.) ‘एकूण अमिनो’ आणि ‘मुक्त अमिनो’ हे आकडे वेगळे असतात, वाहकांतून सरळ जातात ती मुक्त. दोन्ही छापणारा उत्पादक विरळा, पण छापत असेल तर त्याला झुकतं माप द्यावं.

तिसरा, एन्झाइमने तोडलेला द्रव. मीठ कमी, ट्रिप्टोफॅन शाबूत, अमिनो आम्लं झाड वापरतं त्या एल रूपातच. जोरदार अल्कली प्रक्रियेत काही आम्लं आरशातल्या प्रतिमेसारख्या डी रूपात उलटतात, आणि डी-सेरिन किंवा डी-अ‍ॅलॅनिन झाडाला उपकारक तर नाहीच, अरॅबिडॉप्सिसमध्ये वाढ रोखणारं ठरलं आहे. या तिघांत आमची पसंती या तिसऱ्याला, पण एका अटीवर: बाटली ताजी हवी. अशा द्रवात सूक्ष्मजीव मजेत वाढतात. झाकण फुगलेलं, उघडताना फुस्स आवाज किंवा कुजका वास असेल तर तारीख कितीही पुढची असो, घेऊ नका.

आता सगळ्यात गंभीर भाग. ज्या बाटलीने तीन दिवसांत काळोखी आणि आठवड्यात पेऱ्यांची लांबी दोन्ही दिसते, त्यात अमिनोखेरीज काहीतरी आहे. गडद हिरवेपणा युरियाने, लोहाने किंवा सायटोकायनिन या संजीवकाने येतो, पेरे लांबतात ते जिबरेलिन (जीए) या संजीवकाने. अमिनो आम्लांच्या एवढ्याशा मात्रेने पेरे लांबत नाहीत. लेबलवर न लिहिलेलं संजीवक द्राक्षात मारक ठरतं ते खरड छाटणीनंतर. एप्रिलच्या या छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांच्या टप्प्यात डोळ्यात सूक्ष्म घड ठरतो. त्या वेळी सायटोकायनिनचं पारडं जड असेल तर घड होतो, जिबरेलिनचं असेल तर त्याच अंकुराची बाळी (आधाराला वळणारा वेलीचा तंतू) होते. म्हणून तर जाणते बागाईतदार त्या काळात सिक्स बीए हे सायटोकायनिन वापरतात आणि जीए लांब ठेवतात. त्याच काळात कुणी ‘काडी जाड होईल’ म्हणून जीए मिसळलेलं टॉनिक मारलं, तर ऑक्टोबर छाटणीनंतर बाळ्या मोजत बसायची वेळ येते, आणि चार-पाच महिन्यांपूर्वीच्या बाटलीवर कुणाचा संशयही जात नाही.

निर्यातीचा माल असेल तर धोका दुहेरी. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या, म्हणजे वाढ रोखायला वापरतात त्या आपल्या सीसीसीच्या, अवशेषांवरून भारतीय द्राक्षं युरोपात अडली होती, ते अजून कुणी विसरलेलं नाही. कायद्याने गोष्ट स्पष्ट आहे: अमिनो आम्लं आणि प्रथिनांची हायड्रोलायसेट (तोडलेली प्रथिनं) ही जैव उत्तेजकं म्हणून फेब्रुवारी २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली. जीएसारखी संजीवकं कीटकनाशक कायदा, १९६८ खाली नोंदवावी लागतात. जैव उत्तेजकात कीटकनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमच्या (दहा लाखांत ०.०१ भागाच्या) वर चालत नाही. तेव्हा ‘थोडं जीए पण आहे हो आत’ असं कुणी कौतुकाने सांगितलं, तर तो त्या बाटलीचा गुण नाही, गुन्हा आहे.

जीए हवं असेल तर जीए म्हणूनच घ्या. शुद्ध पूड १ ग्रॅम आधी २५-३० मिली अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोनमध्ये पूर्ण विरघळवून मग १०० लिटर पाण्यात मिसळली की १० पीपीएम. थॉमसन जातीच्या द्राक्षघडांच्या पोपटी अवस्थेतली पहिली फवारणी याच तीव्रतेने होते. ४० टक्क्यांचे पाण्यात विरघळणारे दाणे असतील तर तेवढ्याचसाठी २.५ ग्रॅम. थेट पाण्यात टाकलेली शुद्ध पूड तळाशी कणाकणाने राहते आणि एका ओळीला शून्य, दुसऱ्या ओळीला दुप्पट मिळतं. विम्लधर्मी पाण्यात जीए मोडतंही, म्हणून इथेही सामू ६ च्या आसपास. मांजरी फार्मला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. अवस्थेनुसार मात्रा त्यांच्या वेळापत्रकातून घ्यावी, दुकानाच्या चिठ्ठीवरून नव्हे.

फवारताना तांबंयुक्त बुरशीनाशकाशी अमिनो कधीच मिसळू नका. अमिनो आम्लं तांब्याला धरून ठेवतात आणि जे तांबं पानाच्या पृष्ठभागावर राहायला हवं ते आत जातं. मग ठिपके, करपा आणि ‘औषध गरम पडलं’ अशी तक्रार. बोर्डो (मोरचूद-चुना) मिश्रण फवारून झालं असेल तर मध्ये चांगला पाऊस किंवा आठवडाभर अंतर ठेवा. गंधक आणि खनिज तेलाबरोबरही नको. वेळ सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर: थेंब जितका वेळ ओला, तितकं शोषण, वाळून कण झाला की थांबलं. भुरी-डाउनीच्या दिवसांत दाट कॅनोपीवर अमिनोचा मारा म्हणजे कोवळी फूट वाढवून रोगाला आमंत्रण. फुलोऱ्यात तर गरजच नसते.

काउंटरवर किंवा घरी करता येतील अशा तपासण्या. चमचाभर नमुन्यात तंबाखूचा चुना मिसळून बोटाने घोटा: अमोनियाचा झणझणीत वास आला की अमोनियम क्षार आहे. निव्वळ अमिनो आम्लं थंड चुन्याने असा वास सोडत नाहीत. (युरिया यात पकडला जात नाही, त्याला वरचा ०.१६ चा हिशेबच कामाचा.) आरओच्या एक लिटर पाण्यात २ मिली टाकून टीडीएस पेन (विरघळलेले क्षार मोजणारा) लावा. बाटलीत लिटरला १५० ग्रॅम मीठ असेल तर त्या पाण्यात ०.३ ग्रॅम येतं आणि पेन ३०० च्या आसपास दाखवतो. पोटॅश घातलेल्या टॉनिकातही आकडा चढतो, म्हणून लेबल पाहूनच निष्कर्ष काढा. स्टीलच्या जुन्या चमच्यात थोडा नमुना तापवला तर प्रथिनाचा माल जळक्या केसांचा वास देत काळा कोळसा होतो. खाली पांढरी राख भरपूर उरली तर पैसे मिठाला दिलेत. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत निनहायड्रिन, म्हणजे अमिनो आम्ल असल्यास जांभळा रंग देणारी चाचणी, करून घेणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात असू द्या: प्रोलिन जांभळं होत नाही, पिवळं होतं, आणि अमोनियाही जांभळा रंग देतो. नुसत्या ‘जांभळं झालं’ वर विश्वास टाकू नका.

शेतात तुलना करायची तर बाटली विरुद्ध साधं पाणी अशी करू नका, ती बाटलीच जिंकते. तीन पट्टे ठेवा: एकात टॉनिक, दुसऱ्यात तेवढ्याच नत्राचा युरिया (वरच्या डोसला २०० लिटरमागे २८ ग्रॅम), तिसऱ्यात फक्त पाणी आणि तेच स्टिकर (थेंब पानाला चिकटवणारं द्रव). सगळ्यांचा सामू सारखा हवा, नाहीतर फरक सायट्रिकचा असेल. रंगावर न जाता दहा काड्यांवरचे पेरे आणि घडाचं वजन मोजा. टॉनिक युरियाच्या पट्ट्याला मागे टाकत नसेल तर पुढच्या वर्षी ते पैसे माती-देठ परीक्षणाला लावा.

गच्चीवरच्या कुंड्यांसाठी १०० मिलीची बाटली पुरते. लिटरला १ मिली, पंधरवड्यातून एकदा, तेही कुंडी बदलल्यावर किंवा कडक उन्हातून सावरताना. निरोगी कढीपत्त्याला किंवा गुलाबाला त्याने काही अधिकचं मिळत नाही, मुंग्या आणि बुरशी मात्र खूश होतात.

खरेदीचं आमचं मत: एन्झाइमचा ताजा द्रव, ताणाच्या वेळेपुरता, हंगामात दोन-तीन फवारण्या. त्याखालोखाल नत्राचा हिशेब जुळणारी सोया पूड. स्वस्त २० टक्के द्रव कोणत्याच भावात नको. बिल पक्कं घ्या, त्यावर बॅच क्रमांक आणि उत्पादन तारीख लिहून घ्या, आणि एकरावर मोठी खरेदी करत असाल तर त्याच बॅचची एक लहान बाटली सीलबंद बाजूला ठेवा. तक्रार तालुक्याच्या गुणनियंत्रण निरीक्षकाकडे करायची असते, आणि तिथे अर्धी वापरलेली बाटली घेऊन जाण्यापेक्षा न उघडलेली नेलेली कधीही बरी.